बाबांचा रेडिओग्राम: दुरुस्त करावा की नुसतं कपाट म्हणून ठेवावा?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. मिरजेचं आमचं घर पुढच्या वर्षी पाडून नवीन बांधायचं ठरलंय. सामानाची वाटणी झाली, पण एका वस्तूवर अडलंय. बाबांचा रेडिओग्राम.

बाबा रेल्वेत गार्ड होते. १९६४ साली त्यांनी हा घेतला. साधारण चार फूट लांब, खाली चार निमुळते पाय, डावीकडे रेडिओ, उजवीकडे झाकण उचललं की आत रेकॉर्ड चेंजर, म्हणजे तबकड्या आपोआप लावणारं यंत्र. मधल्या कप्प्यात तबकड्या. काचेच्या डायलवर कोलंबो, दिल्ली, लंडन अशी गावांची नावं. उजव्या बाजूला लाकडावर आईने दर खंडेनवमीला लावलेल्या कुंकवाचं बोट आहे. आई जाऊन अकरा वर्षं झाली, तो डाग कुणी पुसलेला नाही.

मागच्या दिवाळीत हौसेने बटण फिरवलं. डायल लगेच उजळली, अर्ध्या मिनिटाने मोठ्ठा घूंऽऽ आवाज आला आणि मेण जळल्यासारखा वास सुटला. घाबरून प्लग काढला. तेव्हापासून तसाच आहे.

धाकटा भाऊ म्हणतो, आतलं सगळं काढून टाकू आणि ब्लूटूथ स्पीकर बसवू. सुतार म्हणतो, झकास टीव्ही युनिट होईल. मला तो बाबांच्या वेळी वाजायचा तसा वाजायला हवाय. साठ वर्षांचा व्हॉल्व्हचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) सेट खरंच दुरुस्त होतो का? कुणी केलाय का?

डायलदोरा

होतो. आतलं काहीही काढू नका. सविस्तर रात्री लिहितो.

रोखठोक

भावाचं चूक काय ते मला कळत नाही. मीडियम वेव्हवर आता घरातल्या दिव्यांची आणि चार्जरची खरखरच जास्त. शॉर्ट वेव्हवर आपल्या कामाचं फारसं उरलेलं नाही. ही चाळीस किलोची वस्तू फ्लॅटमध्ये चार फूट भिंत अडवणार. लाकूड सुंदर आहे, ते ठेवा. आतल्या तारांवर जीव टाकण्यात अर्थ नाही. आम्ही काकांच्या सेटचं असंच केलं, आज त्यात मुलांची पुस्तकं आहेत आणि सगळे खूश आहेत.

व्हॉल्व्हवाला

कृष्णाकाठ, सगळ्यात आधी एक. तो सेट आता पुन्हा थेट प्लगला लावू नका. "बघू तरी लागतो का" म्हणून लावलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वेळेलाच ट्रान्सफॉर्मर जळतो.

मी अठ्ठावीस वर्षं हे काम करतोय. तुम्ही सांगितलेली दोन्ही लक्षणं ओळखीची आहेत. घूं आवाज म्हणजे फिल्टर कंडेन्सर सुकले. व्हॉल्व्हला लागणारा अडीच-तीनशे व्होल्टचा डीसी सपाट करायचं काम त्यांचं. ते सुकले की विजेची लाट तशीच स्पीकरपर्यंत जाते. मेणाचा वास येतो तो कागदी कंडेन्सरांचा. आत कागद आणि पातळ पत्रा गुंडाळून वर मेण ओतलेलं असतं. साठ वर्षांत कागद ओल धरतो आणि गळायला लागतो, म्हणजे जिथून डीसी जाता कामा नये तिथून जायला लागतो.

त्यातला एक फार महत्त्वाचा. ऑडिओच्या पहिल्या व्हॉल्व्हकडून शेवटच्या मोठ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला (आतला करंट आवरणाऱ्या जाळीला) जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह व्होल्टेज येतं, मोठा व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, त्याची आतली प्लेट लालभडक होते आणि पाठोपाठ आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. कंडेन्सर काही रुपयांचा, ट्रान्सफॉर्मर मात्र वळवून घ्यावा लागतो. म्हणून मी कुठलाही जुना सेट हातात आला की तो एक कंडेन्सर आधी बदलतो आणि मगच वीज देतो.

वीजसुद्धा सिरीज बल्बमधून द्यायची. साठ किंवा शंभर वॅटचा साधा पिवळा बल्ब सेटच्या आधी सिरीजमध्ये. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे.

सेटच्या मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून (प्लग काढलेला असताना!) व्हॉल्व्हवरचे नंबर आणि व्होल्टेजच्या चकतीचा फोटो टाका.

अश्विनी_रत्नांग्री

कुंकवाचं बोट वाचून गलबलून आलं. पॉलिशवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो पहिल्या फटक्यात घासून टाकेल.

नागपुरी_संत्रं

आमच्याकडे रेडिओग्राम नव्हता, समोरच्या वकिलांकडे होता. बुधवारी रात्री आठला त्यांच्या ओसरीवर पंचवीस-तीस माणूस. वकीलकाका स्वतः उठून सेट पाच मिनिटं आधी लावायचे, "तापू द्या रे त्याला" म्हणायचे. मग कोलंबोच्या रेडिओ सिलोनवरून अमीन सायानींचा आवाज. लहरीवर येऊन हळूच लांब जायचा, परत जवळ यायचा. आम्हा पोरांना वाटायचं, सायानी समुद्राच्या काठावर उभे राहून बोलतात आणि लाट येते-जाते.

मध्यमसा

@नागपुरी_संत्रं, ती लाट म्हणजे शॉर्ट वेव्हचं फेडिंग. वर आयनोस्फिअरवर आपटून लहरी वेगवेगळ्या वाटांनी येतात, कधी एकमेकींना साथ देतात, कधी मारतात.

सिलोन एवढं का गाजलं त्यालाही कारण आहे. १९५२ मध्ये बी. व्ही. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. त्याच साली सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. अख्खा देश कोलंबोकडे वळला आणि शॉर्ट वेव्ह असलेला सेट घेणं लोकांना गरजेचं वाटू लागलं. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती आली ती याच ओढाताणीतून. केसकर स्वतः शास्त्रीय संगीताचे जाणकार, त्यांनी शास्त्रीय गायकांना रेडिओवर मानाची जागा दिली हेही खरं. माझ्या गुरुजींना त्या काळात मिळालेल्या कार्यक्रमांवर घर चाललं. त्यामुळे मी त्यांना एकतर्फी वाईट म्हणणार नाही.

रानपाखरू

आणि रेडिओचं लायसन्स! पोस्टात जाऊन दर वर्षी पैसे भरायचे, पासबुकासारख्या पुस्तकात तिकिटं चिकटवून शिक्का घ्यायचा. आजोबांचं पुस्तक माझ्याकडे आहे. मुलाला दाखवलं तर म्हणे, "म्हणजे सबस्क्रिप्शन?" बरोबरच बोलला.

कृष्णाकाठ

व्हॉल्व्हवाला, फोटो टाकले आहेत. नंबर असे: ईसीएच ८१, ईबीएफ ८९, ईसीसी ८३, ईएल ८४, ईझेड ८१ आणि पुढच्या बाजूला ईएम ८४. व्होल्टेजची चकती २२० वर आहे.

व्हॉल्व्हवाला

वा! बाबांनी चांगला सेट घेतला होता.

नावं "ई"ने सुरू होतात, म्हणजे ६.३ व्होल्टवर तापणारे व्हॉल्व्ह आणि सोबत मेन ट्रान्सफॉर्मर. हे कळणं फार गरजेचं, कारण त्या काळी काही शहरांत डीसी वीज होती, म्हणून दोन्हींवर चालणारे एसी-डीसी सेटही खूप विकले गेले. त्यांचे व्हॉल्व्ह "यू"ने सुरू होतात: यूसीएच, यूएल, यूवाय. त्यांना ट्रान्सफॉर्मर नसतो, पत्र्याची चेसिस (सगळे भाग बसवलेला सांगाडा) थेट मेनच्या एका वायरला जोडलेली असते. प्लग उलटा लागला की चेसिस जिवंत. नॉबचा स्क्रू उघडा पडला असेल तरी झटका बसतो. ज्यांच्या घरी असा सेट असेल त्यांनी आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय हात लावू नये.

तुमची चकती २२० वरून २४५ वर फिरवा. आज घरात २३०-२४० व्होल्ट येतात. २२० वर ठेवलं तर आतलं सगळंच जास्त तापतं.

ईएल ८४ आणि ईसीसी ८३ आजही नवीन बनतात, कारण गिटारच्या अँप्लिफायरमध्ये तेच लागतात. बाकीचे जुन्या साठ्यातून. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने हे व्हॉल्व्ह बनवले होते, त्यांचे न वापरलेले डबे जुन्या दुकानांत अजून सापडतात. ईएम ८४ म्हणजे तुमची स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारी हिरवी पट्टी. ती काळजीने वापरा, तिची चमक एकदा गेली की गेली.

फिल्टर कंडेन्सर बदलताना "मोठा घातला तर बरं" असं करू नका. ईझेड ८१ ला पहिला कंडेन्सर ५० मायक्रोफॅरडच्या वर चालत नाही, सुरुवातीच्या करंटच्या धक्क्याने व्हॉल्व्ह मरतो.

तारवटी

म्हापशाहून नमस्कार. आमच्याकडे आजोबांचा जर्मन रेडिओग्राम आहे. पोर्तुगीज काळात गोव्यात परदेशी माल सहज यायचा, त्यामुळे इथल्या जुन्या घरांत ग्रुंडिग, टेलेफुंकेन बरेच दिसतात. आजोबा सांगायचे, १९५५ पासून मुक्तीपर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो घाटातल्या रानातून गोव्याच्या मुक्तीचं गुप्त केंद्र चालवायचे, ते याच सेटवर ऐकायचे. खिडक्या लावून, आवाज एवढा बारीक की कान जाळीच्या कापडाला टेकवावा लागे. त्या कापडावर एका जागी अजून थोडी चमक आहे. आजी म्हणायची, ती त्यांच्या तेल लावलेल्या केसांची.

एक गंमत. या जर्मन सेटना त्या काळातच एफएम असतं, डायलवर यूकेडब्ल्यू लिहिलेलं. पण आमच्या सेटचा पट्टा १०० मेगाहर्ट्झला संपतो. त्यापलीकडची स्टेशनं लागतच नाहीत.

डायलदोरा

@तारवटी, म्हणूनच पुण्यात असा सेट घेतलेल्या माझ्या मित्राला ९८.३ स्वच्छ लागतं, आणि त्याला हवी असलेली १०१ वरची विविध भारती लागत नाही! कॉइलचा कोर किंचित फिरवून पट्टा सरकवता येतो, पण मग डायलवरचे आकडे खोटे ठरतात. त्याने तसं करू दिलं नाही.

आता रात्री लिहितो म्हणालो होतो ते. चेंजरबद्दल. कृष्णाकाठ, चेंजर फिरत नसेल तर मोटर जळाली असं लगेच समजू नका. दहापैकी आठ वेळा आतलं ग्रीस गोठून डिंकासारखं झालेलं असतं. गिअरवरचं सगळं जुनं ग्रीस रॉकेल नाहीतर पेट्रोलने धुवायचं (मोटर बाजूला काढून, उघड्या हवेत, आगीपासून लांब), कोरडं करायचं, मग शिवणयंत्राचं तेल थेंबभर. रबराची चकती, जी मोटरच्या दांड्यावरून प्लॅटरला फिरवते, तिला मात्र तेल लागता कामा नये. चकती कडक झाली असेल तर काठ बारीक पॉलिश पेपरने अलगद उगाळा.

१६, ३३⅓, ४५ आणि ७८ असे चार वेग असतील. पिकअपच्या (सुई धरणाऱ्या हाताच्या) पुढे छोटा खटका असेल, तो फिरवला की सुई बदलते. ७८ साठी जाड, एलपीसाठी बारीक. या खटक्याकडे दुर्लक्ष केलंत तर एलपीचं वाटोळं.

अश्विनी_रत्नांग्री

पिकअपचं माझ्याकडून. आमच्या सेटचं सगळं काम झालं, रेडिओ खणखणीत, पण तबकडी लावली की आवाजच नाही. दोन मेकॅनिक झाले. तिसऱ्याने कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) उघडून दाखवलं, आत खडीसाखरेचा खडा विरघळावा तसं पांढरं चिकट काहीतरी. जुन्या क्रिस्टल पिकअपमध्ये रोशेल सॉल्टचा स्फटिक असतो आणि तो ओलाव्याने विरघळतो. कोकणातले साठ पावसाळे तो कसा काढणार! मग सिरॅमिक कार्ट्रिज बसवलं, त्याला दमटपणाचा त्रास नाही. मिरजेची हवा कोरडी, तुमचा कदाचित वाचला असेल.

हडसनकाठी

न्यू जर्सीतून लिहितेय. इथे जुन्या घरांच्या सामान-विक्रीत असे कन्सोल सेट पुष्कळ मिळतात. मॅग्नाव्हॉक्स, झेनिथ. लोकांना जागा हवी असते म्हणून कधी फुकटही देतात. माझ्या मॅग्नाव्हॉक्समध्ये ६बीक्यू५ व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे तुमचा ईएल ८४ च, अमेरिकन नावाने. दोन वर्षांनी पुण्याला परतताना तो घेऊन यायचा विचार आहे. २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर लावला की झालं ना?

व्हॉल्व्हवाला

ताई, नाही झालं. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, विजेची सायकल (सेकंदाला किती आवर्तनं ते) बदलत नाही. तुमच्याकडे ६०, इथे ५०. रेकॉर्ड प्लेअरची मोटर सायकलच्या हिशोबाने फिरते, त्यामुळे इथे ती एक षष्ठांश हळू फिरेल. ७८ ची तबकडी ६५ ने, ३३⅓ ची पावणेअठ्ठावीसने. मोटरच्या दांड्यावरची पायऱ्यांची पुली त्या प्रमाणात मोठी करून लेथवर घडवून घ्यावी लागते. शिवाय ६० सायकलचा ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो, त्याकडेही लक्ष द्यायला हवं.

मध्यमसा

म्हणजे सूर तीन पट्ट्या खाली. हार्मोनियमच्या पांढरी चारमध्ये गाणारी बाई पांढरी दोनमध्ये ऐकू येईल, आणि तीही संथ. पुली नक्की करून घ्या!

रोखठोक

माझा मुद्दा अजून कुणी खोडलेला नाही. वाजवणार काय? ज्यांना गाणी ऐकायचीत ती फोनवर आहेत.

डायलदोरा

@रोखठोक, फोनसुद्धा याच सेटमधून वाजतो, काहीही न कापता. बहुतेक रेडिओंना मागे पिकअपसाठी दोन भोकं असतात. त्यात फोनचा आवाज देता येतो. स्टिरिओचे दोन चॅनेल थेट जोडायचे नाहीत, प्रत्येकात साधारण पाच किलोओहमचा रेझिस्टर घालून एकत्र करायचे. फक्त ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटलाच हं, वर व्हॉल्व्हवाल्यांनी सांगितलेल्या जिवंत चेसिसवाल्यांना अजिबात नाही.

आणि का वाजवायचा ते: या पेटीचं लाकूड, पाठीमागची मोकळी जागा, स्पीकर आणि तो चार-पाच वॅटचा अँप्लिफायर एकमेकांना जुळवून केलेले असतात. स्पीकर जेमतेम आठ इंची, पण मोठ्या हलक्या पेटीत असल्यामुळे माणसाचा आवाज छातीतून आल्यासारखा येतो. त्यातलं अर्धं काढून उरलेल्या अर्ध्यात दुसरं काही घातलं की ते वाद्य राहत नाही. तंबोऱ्याचा भोपळा ठेवून तारा काढण्यासारखं आहे.

रोखठोक

फोनचं माहीत नव्हतं. हे पटलं. जागेचा प्रश्न तरी उरतोच. पण काकांच्या सेटची चेसिस फेकलेली नाही, माळ्यावर आहे. बघतो एकदा.

व्हॉल्व्हवाला

@रोखठोक, माळ्यावर व्हॉल्व्हवर वजन ठेवू नका, आणि स्पीकर सापडला तर तोही त्यासोबत ठेवा. आउटपुट ट्रान्सफॉर्मर कधीकधी स्पीकरच्याच पत्र्यावर बसवलेला असतो, लोक स्पीकर फेकतात आणि त्यासोबत तो जातो.

मध्यमसा

कृष्णाकाठ, तुम्ही मिरजेचे! पॉलिशसाठी फर्निचरवाल्याकडे जाऊ नका. तुमच्या गावात सतार-तंबोरे करणारे कारागीर आहेत, चपडा (लाखेचं) पॉलिश त्यांच्याइतकं कुणाला येतं? त्या काळच्या पेट्यांवर बरेचदा लॅकर असे, काहींवर चपडा. आतल्या कोपऱ्यात कापसावर स्पिरिट लावून बघा, रंग सुटून चिकट झालं तर चपडा.

याच चपड्यावरून एक धोक्याची सूचना. जुन्या ७८ च्या तबकड्याही लाखेच्याच आहेत. त्या स्पिरिटने कधीही पुसू नका, वरचा थर विरघळतो आणि गाणं कायमचं जातं. थंड पाणी, दोन थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, मधल्या कागदाला पाणी न लागू देता.

कृष्णाकाठ

साडेचार महिन्यांनी येतोय, माफ करा. सगळं सांगायचं म्हणून थांबलो होतो.

सांगलीत एक सत्तरीचे मेकॅनिक मिळाले. त्यांनी व्हॉल्व्हवाल्यांचा प्रतिसाद माझ्या फोनवर चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "माणूस काम केलेला आहे." चौदा कागदी कंडेन्सर, तीन फिल्टरचे, दोन रेझिस्टर बदलले. मूळचे सगळे एका डब्यात घालून मला परत दिले. डायलचा दोरा तुटला होता, मागे कुणीतरी तंगूस बांधला होता, तो घसरायचा. त्यांनी विणलेला दोरा आणून दांड्याला अडीच वेढे देऊन बसवला, काटा आता कोलंबोवरून लंडनवर लोण्यासारखा सरकतो. व्हॉल्व्ह सगळे मूळचेच, फक्त ईझेड ८१ नवा. क्रिस्टल मेला होता, कोरडी हवा असूनही. बदली कार्ट्रिज पुण्यात तपकीर गल्लीत मिळालं. सगळं मिळून साडेसहा हजार लागले.

पॉलिश सतारमेकर गल्लीतल्या एका कारागिराने केलं. चपडाच होता. त्यांना कुंकवाचं सांगितलं तर त्यांनी त्या बोटाभोवती बशीएवढी जागा सोडून बाकीचं काम केलं आणि मग कडा अशा मिसळल्या की जोड दिसत नाही. कुंकू जसंच्या तसं.

पहिल्यांदा लावला तेव्हा भाऊ, वहिनी, मी, मुलं, सगळे होतो. हिरवी पट्टी हळूहळू उमलली. आकाशवाणी पुणे, ७९२, दुपारच्या बातम्या. खरखर होती, पण आवाज ओळखीचा, तोच जाड आवाज. मग बाबांच्या कप्प्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांची ७८ ची तबकडी लावली. खाँसाहेब मिरजेत राहिले, बाबा लहानपणी उरुसात त्यांच्या स्मृतीच्या मैफलीला दर्ग्यात रात्रभर बसायचे. तीन मिनिटांची बाजू. ती संपून चेंजरचा हात आपोआप उचलला गेला आणि "खट्" झालं, तेव्हा भाऊ उठून बाहेर गेला. तो खट् आवाज आम्हा दोघांनाही पाठ होता. झोपायला जायची वेळ झाल्याची ती खूण असायची.

टीव्ही युनिटचा विषय परत निघालेला नाही. सेट नव्या घरात भावाच्या हॉलमध्ये राहणार, त्याने स्वतः मागून घेतला. आर्किटेक्टला चार फूट भिंत मोकळी ठेवायला सांगितलंय. अजून काही सांगायचं असेल तर आत्ताच सांगा, प्लॅन या आठवड्यात फायनल होतोय.

अश्विनी_रत्नांग्री

बशीएवढी जागा सोडली! त्या कारागिरांना माझा नमस्कार सांगा.

रोखठोक

माळ्यावरून चेसिस काढली. स्पीकर आहे, ट्रान्सफॉर्मर त्यावरच आहे. व्हॉल्व्ह "ई"ने सुरू होतात. सांगलीच्या काकांचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवाल का? पुस्तकांसाठी मुलांना दुसरं शेल्फ करतो.

व्हॉल्व्हवाला

कृष्णाकाठ, त्या भिंतीवर चांगलं अर्थिंग असलेला वेगळा सॉकेट घ्या. एलईडीच्या ड्रायव्हरची आणि इन्व्हर्टरची वायर त्या भिंतीतून नेऊ देऊ नका, मीडियम वेव्हवर सगळी खरखर तिथूनच येते. सेट भिंतीला चिकटवू नका, मागे चार बोटं हवा राहू द्या. आणि एरियलसाठी गच्चीपर्यंत अर्ध्या इंचाचा रिकामा पाइप भिंतीत आत्ताच टाकून घ्या, नंतर प्लास्टर फोडावं लागतं. गच्चीवर दहा-बारा मीटर तांब्याची तार पुरे.

कृष्णाकाठ

पाइपचं आत्ताच फोन करून सांगितलं.